इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल कधी बदलायचं: बेळगाव-खानापूरकडच्या गाड्यांसाठी

"किती किलोमीटरला ऑइल बदलायचं वो?" पिरनवाडीत खानापूर रोडला माझं गॅरेज आहे, तिथं हा प्रश्न रोज येतो. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. मी आधी उलट विचारतो, गाडी फिरते कुठं? टिळकवाडीतून खडेबाजारात जाऊन परत येणारी गाडी आणि चोर्ला घाट उतरून सारखी गोव्याला जाणारी गाडी, दोन्हींच्या मीटरवर 10,000 दिसले तरी आतल्या ऑइलचे हाल वेगवेगळे झालेले असतात.

घाईत असाल तर आकडे आधी घ्या, कारणं नंतर सावकाश वाचा. आजच्या बहुतेक गाड्यांचं पुस्तक 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं सांगतं. काही गाड्यांना 15,000 लिहिलेलं असतं. आमच्या भागात मिश्र रनिंग असलेल्या गाडीला मी 7,500 सांगतो. रोजचा घाट, कच्चा रस्ता किंवा गावातल्या गावात फिरणं असेल तर 5,000 ते 6,000. हायवेवरच धावणाऱ्या, सिंथेटिक ऑइल असलेल्या आणि टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला पुस्तकातले 10,000 खुशाल चालवा. आणि मीटर काहीही दाखवो, वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच. मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल 40,000 ते 60,000 च्या दरम्यान. ऑटोमॅटिकचं प्रकारावर ठरतं, ते खाली सविस्तर लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होताना मी बघतो.

मीटर बघा, पण तासही मोजा

ऑइल झिजतं ते इंजिन फिरल्यामुळं, चाक फिरल्यामुळं नव्हे. हिशोब करून बघा. निपाणी ते बेळगाव, तिथून कित्तूर, धारवाड अशी महामार्गावर सरासरी 50 च्या वेगानं पळणारी गाडी 10,000 किलोमीटरसाठी 200 तास चालते. तीच गाडी शहरात सरासरी 20 नं चालली तर त्याच 10,000 ला 500 तास लागतात. अडीचपट काम झालं आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही. टिळकवाडीत दुसऱ्या गेटला रेल्वे जाईपर्यंत एसी चालू ठेवून उभं राहिलेलं इंजिन, संकेश्वर-हुक्केरीकडं उसाच्या ट्रॅक्टरमागं दुसऱ्या गिअरमध्ये रखडलेलं इंजिन, शाळेच्या दारात मुलं बाहेर येईपर्यंत घुरघुरत ठेवलेलं इंजिन, ही सगळी वेळ ऑइलच्या खात्यावर पडते.

कंपन्यांना हे माहीत असतं. गाडीच्या पुस्तकात सर्व्हिसच्या तक्त्यानंतर बहुतेक वेळा आणखी एक तक्ता असतो, 'कठीण परिस्थितीत वापर' असल्या मथळ्याचा. धूळ, सततचा चढ, जादा ओझं, छोट्या छोट्या फेऱ्या, बराच वेळ उभं राहून चालणारं इंजिन अशी यादी असते आणि त्यासाठी मुदत कमी करून दिलेली असते, बऱ्याचदा निम्मी. लोक पहिला तक्ता वाचून पुस्तक मिटतात. माझी विनंती आहे, दुसरं पानही वाचा आणि स्वतःला विचारा, आपली गाडी कुठल्या तक्त्यात बसते? खानापूर, जांबोटी, बैलूर बाजूची जवळजवळ प्रत्येक गाडी दुसऱ्या तक्त्यातली आहे.

कमी चालणारी गाडी जास्त सांभाळावी लागते

हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. एक निवृत्त काका आहेत, गाडी नवीकोरी दिसते, वर्षाचं रनिंग तीन हजारसुद्धा नाही. सकाळी देवळात, मग भाजीला, परत घरी. "माझी गाडी चालतच नाही, ऑइल कशाला बदलू?" असं त्यांचं म्हणणं. जुलैत गाडी आली तेव्हा मी त्यांना बॉनेटपाशी उभं केलं आणि ऑइल ओतायचं टोपण उघडून आतली बाजू दाखवली. टोपणाच्या आत पिवळसर पांढरा, लोण्यासारखा थर जमला होता. बोट फिरवलं तर बोटावर चिकटला.

तो थर म्हणजे पाणी आणि ऑइल घुसळून झालेलं मिश्रण. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होतेच. तिचा थोडा भाग पिस्टन रिंगच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागात, उतरतो. थंड इंजिनला पेट्रोलही जादा लागतं आणि त्यातलं थोडं न जळता ऑइलमध्ये मिसळतं. इंजिन चांगलं तापून वीस-पंचवीस मिनिटं चाललं तर हे पाणी, हे पेट्रोल परत वाफ होऊन निघून जातं. दोन किलोमीटरच्या फेरीत ते आतच राहतं. आमच्याकडं जून ते सप्टेंबर हवाही ओलीच असते. त्यातून ऑइलमध्ये आम्ल तयार होतं, गंज धरतो, गाळ साचतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं, आणि इथेनॉल पाणी ओढून धरतं. म्हणून छोट्या फेऱ्यांच्या गाडीला सहा महिन्यांनी किंवा 5,000 ला ऑइल बदला, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी काकतीच्या पुढं हायवेला नेऊन अर्धा-पाऊण तास चालवून आणा.

एक सावधगिरी. हा पांढरा थर फक्त टोपणाला असेल तर घाबरू नका. पण डिपस्टिकवरचं (ऑइलची लेव्हल बघायच्या काडीवरचं) ऑइलसुद्धा दुधाळ दिसलं, किंवा कूलंटची बाटली विनाकारण कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगमधून) पाणी आत शिरत असण्याची शक्यता आहे. तेव्हा गाडी चालू करायची नाही. टो करून आणायची. दुधाळ ऑइलवर पाच किलोमीटर चालवून आणलेल्या गाडीची बेअरिंगं खराब झालेली मी बघितलीत.

डिपस्टिक अशी बघायची

गाडी सपाट जागेवर उभी करा. अंगणाचा उतार असेल तर रस्त्यावर आणा, थोड्याशा उतारानंही लेव्हल चुकीची दिसते. इंजिन गरम करून बंद करा आणि पाच ते दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक बाहेर काढा, स्वच्छ सुती फडक्यानं पूर्ण पुसा. फडक्याचे धागे काडीला राहिले तर ते आत जातात, तेवढं बघा. पुन्हा शेवटपर्यंत आत घाला, क्षणभर थांबा, काढा आणि आडवी धरून बघा. उभी धरली की ऑइल ओघळतं आणि लेव्हल चुकते.

दोन खुणा असतात, खालची आणि वरची. ऑइल दोन्हींच्या मध्ये हवं, वरच्या खुणेकडं झुकलेलं असेल तर उत्तम. खालच्या खुणेपासून वरच्यापर्यंत बहुतेक छोट्या गाड्यांत साधारण एक लिटर बसतं, त्यामुळं टॉप-अप करताना सगळा डबा ओतू नका. पाव लिटर घाला, थांबा, परत बघा. वरच्या खुणेच्या वर गेलेलं ऑइलही वाईट. क्रँक त्यात आपटून फेस करतो आणि फेसानं बेअरिंगला दाब मिळत नाही.

महिन्यातून एकदा, शिवाय गोव्याला किंवा पंढरपूरला निघायच्या आदल्या दिवशी, हे करायचं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा, तो अलादिनच्या दिव्यासारख्या चिन्हाचा, लेव्हल कमी झाली म्हणून लागत नाही. तो लागतो दाब गेल्यावर, म्हणजे बरंच बिघडल्यावर. लागला की लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" हा विचार इंजिन सीझ करतो.

काळं झालं म्हणून खराब, पिवळं आहे म्हणून चांगलं?

तसं नाही. डिझेल गाडीचं ऑइल नवीन घातल्यावर काही दिवसांतच काळं होतं. डिझेलची काजळी धरून ठेवणं, तिला गोळा होऊ न देणं हे ऑइलमधल्या रसायनांचं कामच आहे. काळं ऑइल काम करतंय असं समजा. याउलट सीएनजी गाडीचं ऑइल 8,000 झाले तरी मधासारखं स्वच्छ दिसतं, कारण गॅसला काजळी नसते. पण गॅसवर इंजिनाच्या आत उष्णता जास्त असते, ऑइल रंग न बदलता घट्ट होत जातं, त्यातली रसायनं संपतात. सीएनजीच्या टॅक्सीवाल्यांना मी हेच सांगतो, रंगावर जाऊ नका, वहीतली तारीख बघा.

2020 च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-6 डिझेल गाड्यांचं प्रकरण आणखी वेगळं आहे. त्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो काजळी अडवून ठेवतो आणि अधूनमधून जाळून टाकतो. ती जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. गाडी हायवेला असेल तर काम पुरं होतं. मधेच घर आलं, गाडी बंद केली, असं वारंवार झालं तर ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. अशा गाडीची डिपस्टिक बघितली की लेव्हल कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. लोक खूश होतात, "ऑइल पीतच नाही गाडी". तसं नसतं, ऑइल पातळ झालेलं असतं. लेव्हल वरच्या खुणेच्या वर गेली आणि नाकाला डिझेलचा वास आला की किलोमीटर न मोजता ऑइल बदला. आणि त्या गाडीला पुस्तकात सांगितलेलंच कमी राखेचं ऑइल हवं, डब्यावर एसीईए सी2 किंवा सी3 असं काही तरी लिहिलेलं असतं. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये बसते आणि ती जळून जात नाही. डीपीएफ बदलायचा खर्च मोठा आहे.

घाट आणि टर्बो

चोर्ला, अनमोड, आंबोली, तिन्ही बाजूंना घाट. हल्लीच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांना टर्बो असतो, म्हणजे इंजिनात दाबानं जादा हवा भरणारा पंखा. त्याचं चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं आणि त्याच्या शाफ्टला सांभाळायला असतो फक्त ऑइलचा पातळ पडदा. साखळीहून कणकुंबीकडं चढून आलात आणि चहाला थांबलात की लगेच चावी फिरवू नका. अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू द्या. नाही तर तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो आणि पुढं ऑइलची वाट अरुंद होते. टर्बो पेट्रोलला 7,500 च्या पुढं मी जाऊ देत नाही.

कुठलं ऑइल?

पुस्तकात लिहिलंय तेच. 5डब्ल्यू-30 मधला पहिला आकडा थंडीत ऑइल किती पटकन वाहतं ते सांगतो, दुसरा 100 अंशाला ते किती जाड राहतं ते. आमच्याकडं अजून पुष्कळ जण सांगतात, "ऊन जास्त आहे, जाड घाला." पूर्वीच्या इंजिनांना 20डब्ल्यू-50 चालायचं, कारण आतले गॅप मोठे होते. आजच्या 0डब्ल्यू-20 साठी बनवलेल्या इंजिनात ते घातलं तर सकाळी स्टार्ट करताना वरच्या भागाला ऑइल पोचायला उशीर होतो, ॲव्हरेज पडतं, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते तीही नीट काम करत नाही. इंजिनाचं तापमान कूलंट आणि थर्मोस्टॅट सांभाळतात. बेळगावचं ऊन एवढं नाहीच की ग्रेड बदलावी लागेल.

सिंथेटिक महाग आहे, पण छोट्या पेट्रोल गाडीला लागतं तीन-साडेतीन लिटर. वर्षाला एकदा तेवढा खर्च करा. सीलबंद डबा घ्या, तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि ओतून झालं की रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोक पाडा. तो डबा परत भरून बाजारात येऊ नये म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे करायला लावतो.

बदलताना काय बघायचं

स्वतः करणार असाल तर जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड किंवा पक्का रॅम्प हवा. ऑइल कोमट असताना काढा, म्हणजे गाळ बरोबर निघतो, पण हात भाजू नये इतपतच गरम. ड्रेन बोल्ट सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटं ठिबकू द्या. घाईत बोल्ट लावणाऱ्या मेकॅनिककडं जुनं ऑइल आतच राहतं.

फिल्टर प्रत्येक वेळी नवीन. "ऑइल बदला, फिल्टर पुढच्या वेळी बघू" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता थेट बेअरिंगवर जातं. नवीन फिल्टरच्या रबरी रिंगला थोडं ऑइल चोळा, जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना ते बोटानं चाचपून बघा, आणि मग हातानं घट्ट करा. रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरतो. पान्यानं आवळला की पुढच्या वेळी फिल्टर फाटून निघतो. ड्रेन बोल्टचा वॉशरही दर वेळी बदलावा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. ॲल्युमिनियमच्या चेंबरला बोल्ट जोर लावून आवळला की आटे जातात, मग चेंबरच बदलायची वेळ येते.

ऑइल भरलं की इंजिन सुरू करा, लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. एक मिनिट चालवा, फिल्टर आणि बोल्टपाशी टॉर्च मारून गळती बघा, बंद करा, थांबा, लेव्हल परत बघा. फिल्टर भरल्यामुळं ती थोडी खाली आलेली असते.

गिअरबॉक्स: सगळे विसरतात तो भाग

इंजिन ऑइलची आठवण सगळ्यांना असते. गिअर ऑइलबद्दल विचारलं की लोक माझ्याकडं बघतच राहतात. "ते पण बदलायचं असतंय?" होय.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये आग नाही, काजळी नाही, त्यामुळं ऑइल बरेच दिवस टिकतं. पण दात दातांवर घासतात, त्याचं बारीक लोखंड ऑइलमध्ये येतं. ड्रेन बोल्टला बऱ्याच गाड्यांत लोहचुंबक असतो. 50,000 झालेल्या गाडीचा बोल्ट काढला की चुंबकावर करडा, मऊ चिखल दिसतो. बोटांत चोळला आणि मेणासारखा मऊ लागला तर ती नेहमीची झीज. त्यात टोचणारे तुकडे, चमकणारे काप सापडले तर मात्र आत दात किंवा बेअरिंग तुटतंय, गिअरबॉक्स उघडून बघायला हवा. हा बोल्ट मी गिऱ्हाइकाच्या हातात देतो, त्यानंच बघावं.

सकाळी पहिला-दुसरा गिअर जड पडतो, गाडी तापल्यावर सोपा होतो, ही जुन्या गिअर ऑइलची किंवा चुकीच्या ग्रेडची खूण. ऑइलच्या डब्यावर जीएल-4 आणि जीएल-5 असे दोन वर्ग दिसतील. "पाच चारपेक्षा चांगला" असा समज आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीला) जीएल-5 लागतं. पण गिअरबॉक्सच्या सिंक्रोनायझर रिंगा (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या) बऱ्याचदा पितळी असतात, आणि जीएल-5 मधली दाब सहन करणारी रसायनं पितळाला खाऊ शकतात. पुस्तकात जीएल-4 लिहिलं असेल तर जीएल-4 च.

एएमटी म्हणजे क्लच दाबायचं आणि गिअर पाडायचं काम यंत्र करतं, आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच. ऑइलची मुदतही मॅन्युअलसारखी. क्लच चालवणाऱ्या ॲक्च्युएटरचं तेल वेगळं असतं, ते कंपनीच्या स्कॅनरशिवाय छेडू नये.

आता खरी ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या) गाडीत तेच ऑइल वंगण आहे, तेच दाब देतं, तेच क्लच चालवतं, तेच उष्णता वाहून नेतं. एवढी कामं करणारं ऑइल आयुष्यभर कसं टिकेल? पुस्तकात मुदत नसली तरी 60,000 ला बदला, घाटाची गाडी असेल तर 50,000 ला. नवीन ऑइल बहुतेक लाल असतं. तपकिरी झालं, जळका वास आला तर उशीर झालाय. सीव्हीटीला मी 40,000 च्या पुढं जाऊ देत नाही. तिथं पोलादी पट्टा दोन पुलींना घट्ट धरून चालतो, ऑइलनं पट्ट्याला घसरू द्यायचं नसतं आणि झिजूही द्यायचं नसतं, म्हणून तिचं ऑइल वेगळंच. साधं लाल एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल, सीव्हीटीत घातलं की गिअरबॉक्स गेलाच म्हणून समजा. दोन क्लचच्या गिअरबॉक्सांत ओल्या क्लचचा प्रकार असेल तर 60,000 ही बऱ्याच ठिकाणची मुदत आहे. कोरड्या क्लचच्या प्रकारात पुस्तक पाळा, आणि गाडी चढावर ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक वापरा.

ऑटोमॅटिकचं ऑइल कसं बदलतात, यालाही महत्त्व आहे. खालचा बोल्ट काढून जेवढं निघेल तेवढं काढायचं आणि तेवढंच मोजून भरायचं, ही सुरक्षित रीत. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच ऑइल राहतं, एका वेळी निम्म्याच्या आसपासच बदललं जातं. म्हणून काही हजार किलोमीटरनं पुन्हा एकदा करायचं. मशीननं दाब देऊन सगळं धुऊन काढायची टूम निघालीय, पण लाखभर किलोमीटर एकदाही ऑइल न बदललेल्या गाडीला ते करू नका. आतला साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकतो. बऱ्याच गाड्यांना गिअरबॉक्सची डिपस्टिकच नसते, ऑइल ठराविक तापमानाला आणून, इंजिन चालू ठेवून, ओसंडणाऱ्या बोल्टवरून लेव्हल लावतात. ज्याच्याकडं तापमान वाचायला स्कॅनर नाही त्याच्याकडं हे काम देऊ नका. माझ्याकडं स्कॅनर नव्हता तेव्हा मी अशा गाड्या दुसरीकडं पाठवायचो.

पुरानंतर

2019 च्या ऑगस्टमधला महापूर आणि 2021 च्या जुलैत यमगर्णीपाशी वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं, दोन्ही वेळा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग लागली. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी चढलं असेल तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या श्वासनळीतून पाणी आत जाऊ शकतं. गाडी पळताना गिअरबॉक्स तापलेला असतो, थंड पाण्यात शिरल्यावर तो आत हवा ओढतो आणि बरोबर पाणीही. गाडी बिनतक्रार चालतेय म्हणून सोडू नका, गिअर ऑइल काढून बघा, दुधाळ असेल तर लगेच बदला. पाणी एअर फिल्टरच्या वर गेलं असेल तर चावीच लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी काढा, मग टो.

वही

आमच्या भागातल्या गाड्यांचा एक प्रश्न इतरत्र फारसा नसतो. केए-22 ची गाडी, मालक गावचा, मुलगा पुण्याला, एक सर्व्हिस कोल्हापुरात, एक बेळगावात, एखादी पणजीत. प्रत्येक ठिकाणचं बिल वेगळं आणि काचेवरचं स्टिकर पुढच्यानं काढून टाकलेलं. शेवटी कुठलं ऑइल कधी पडलं, कुणालाच सांगता येत नाही. डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेवा. तारीख, मीटर, ऑइलची ग्रेड, किती लिटर, फिल्टर बदलला का, गिअर ऑइल शेवटचं कधी. वॉरंटी चालू असेल तर पुस्तकातली मुदत ओलांडायची नाही, आधी बदललं तर काही बिघडत नाही, मात्र बिल जपून ठेवायचं. जुनी गाडी घेताना मालकाकडं वही नसेल तर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, कूलंट, सगळी द्रव्यं नवीन घालून पहिलं पान आपण सुरू करायचं.

जळकं ऑइल

शेतकरी मागायला येतात. कुंपणाच्या खांबाला वाळवी लागू नये म्हणून, स्लॅबच्या फळ्यांना लावायला म्हणून. बैलाच्या खांद्याला, जनावराच्या जखमेला लावायला कुणी मागितलं तर मी देत नाही. त्यात शिसं, जड धातू आणि कर्करोग करणारी द्रव्यं असतात, माणसाच्या कातडीलाही ते लागू देऊ नये. म्हणून काम करताना हातमोजे घाला. गटारात तर एक थेंबही नको. मलप्रभा आपल्याच कणकुंबीत उगम पावते, मार्कंडेय आपल्याच गावांवरून वाहते, आणि ऑइल पाण्यात विरघळत नाही, तवंग होऊन पसरतं. घरी ऑइल बदललं तर ते जुन्याच डब्यात भरा, झाकण घट्ट लावा आणि ज्या गॅरेजातून परवानाधारक गाडी वापरलेलं ऑइल उचलून नेते तिथं द्या. माझ्याकडं ड्रम आहे, आणून ओतलं तरी मी पैसे मागत नाही. जुना फिल्टर उलटा करून रात्रभर निथळू द्या, त्यातूनही बरंच ऑइल निघतं, तेही त्याच डब्यात.